उशीखालची डबी

३ फेब्रुवारी
चौकशीचा कागद आला. हे गेल्यावर अठ्ठावीस दिवसांनी, अडीच ओळी. आग लागली, लॉजमधले बाकीचे खाली आले, ह्यांना बाहेर पडायला उशीर झाला. बस्स! हे जन्मापासून बहिरे होते, याचा एक शब्द नाही.
भोंगा वाजला असणार. सगळे धावले असणार. आणि हे कुशीवर, हात गालाखाली. बावीस वर्षं पाहिलंय मी. घरी खांद्यावर हात ठेवला की डोळे उघडायचे. फर्निचर पॉलिशच्या कामाला परगावी गेल्यावर कोण ठेवणार हात?

११ फेब्रुवारी
इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात, माझ्या जागेवर मीटर उघडून बसले होते, तेव्हा सुचलं. भोंगा ऐकून थरथरेल अशी डबी! बॅगेत मावणारी. लॉजवर गेलं की उशीखाली ठेवायची. माइक, छोटी मोटर, बॅटरी — रोज हाताखालून जातात. हे आधी का सुचलं नाही? डोकं काय गहाण ठेवलं होतं!

१२ फेब्रुवारी
जेवले नाही. लेक ओरडली.

२ मार्च
पहिली डबी तयार. साबणाची आहे, झाकणाला भोकं पाडली. टेबलावर नाचत नाचत खाली पडली. गादीवर ठेवली तर मेल्यासारखी! कापूस सगळी थरथर गिळतो. मोटरच्या दांडीला एका बाजूला शिशाचा तुकडा चिकटवला. आता हिसका बसतो.

१९ मार्च
पेंटर आले — पाट्या रंगवतात, ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त, तेही बहिरे. त्यांना दुपारी दिवाणावर झोपवलं, डबी उशीखाली. दहा मिनिटांत ताडकन उठले, अनवाणी दाराबाहेर! मी तर भोंगा वाजवलाच नव्हता. त्यांच्या घोरण्यानंच डबी थरथरली होती.
लेकीनं खुणा करून सांगितलं. 'मी? घोरतो? पन्नास वर्षांत कुणी बोललं नाही!' — हात हवेत आपटून भांडले. लेक हसून लोळली. मीही हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडला.

२७ मार्च
धुराच्या भोंग्याला लय असते. तीन टिट, गप्प, पुन्हा तीन. डबीला तेवढीच ओळखायला शिकवलं. पेंटर मनसोक्त घोरले. डबी ढिम्म!

५ एप्रिल
पेंटरनी वहीत लिहिलं, 'वहिनी, उठलो. पुढे काय? आग आहे, की कुणी दार वाजवतंय? अंधारात तुमच्या खुणाही दिसत नाहीत मला.'
मी ऐकणारी. मला वाटलं, उठवलं की झालं! आता झाकणात दिवा बसवते. आगीला लाल, आणि खोली दिसेल एवढा उजेड.
ह्यांच्याशीही मी तशीच वागायचे. घरात हसू फुटलं, भांडण झालं, की हे बाही ओढून विचारायचे — काय झालं? 'मग सांगते.' किती वेळा म्हटलं असेन? आणि सांगितलं किती वेळा?

२२ मे
लेक म्हणाली, "बाबांना जाऊन साडेचार महिने झाले. माझ्यासमोर एकदा तरी रडलीस? सारखी त्या डबीशी बोलतेस." मी सोल्डरिंग थांबवलं नाही. ती दार आपटून गेली. नंतर हात भाजला.

१४ जून
कर्णबधिर संघानं पंधरा डब्या वापरून बघायला घेतल्या. त्यांच्या पत्रिकेत डबीचा फोटो, शेजारी ह्यांचा. त्याखालची ओळ मीच लिहून दिली — 'ह्यांना भोंगा ऐकू आला नाही, म्हणून ही डबी.' पेंटरनी ओळीवर बोट ठेवून मान हलवली. हो म्हणाले की नाही, कळलं नाही.

२ जुलै
एक अनोळखी बाई आल्या. हातात पत्रिका. भाचीच्या बहिऱ्यांच्या शाळेत मिळाली म्हणे. आगीच्या रात्री लॉजवर ह्यांच्या समोरच्याच खोलीत होत्या. "भोंगा वाजलाच नाही हो! बिघडलेला होता. आम्ही सगळे गाढ झोपेत. ह्या फोटोतल्यांनी दारं बडवली. बोलता येईना, मला दंडाला धरून जिन्यापर्यंत ओढत आणलं. आणि बाकीच्यांना उठवायला परत आत गेले. कोण होते, आज कळलं."
हे जागे होते!
लेकीला हाक मारली. बाईंना म्हटलं, "पुन्हा सांगा. पहिल्यापासून."