जवाईबापूंचा टर्बो

८ सप्टेंबर, सकाळी
निर्णय झाला. ट्रॅक्टरला टर्बो बसवायचा.
आमचा ट्रॅक्टर लहान. एका सिलिंडरचा, बागेत शोभेल असा. डीलर म्हणाला होता, तीन एकराला पुष्कळ. डीलर लोकांची झेप तेवढीच. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर गरगरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, जास्तीचं डिझेल जळतं, ताकद वाढते. इतकं सोपं आहे. तरी अख्ख्या दारव्हा तालुक्यात कोणाला सुचलं नाही. बैलांच्या शेपट्या पिरगाळण्यात पिढ्या गेल्या.

९ सप्टेंबर
सुमेधेला सांगितलं. शेत तिच्या वडिलांचं, आता तिच्या नावावर, आणि गावातला बाबाराव ते बटईने, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्याने, करतो. तिने अट घातली. दिवाळीच्या आत, जमिनीत ओल आहे तोवर, तुम्ही स्वतः हरभरा पेरलात तर शेत तुमच्याकडे. नाही तर बाबारावकडेच राहील आणि ट्रॅक्टर विकायचा. मी हसून मान्य केलं. बायको मुख्याध्यापिका असली की घरातही शिस्त लागते, लागो.
संकल्प : रोज पहाटे पाचला उठणे.

१० सप्टेंबर
सव्वाआठ. ढगाळ होतं, कळलंच नाही.

१३ सप्टेंबर
सासुरवाडीला, म्हणजे शेतावर. टर्बोची कल्पना चावडीवर मांडली. सगळे म्हणाले, लय भारी. एकानेही शंका काढली नाही. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी गेली, पण कुठल्या मीटिंगमध्ये असं एकमत पाहिलं नाही. अडाणी माणसाला मोठेपणा दिसला की तो आपोआप वाकतो.
ट्रॅक्टरचं बॉनेट उघडायला पाना हातात घेतला तर बाबारावने तो काढून घेतला. म्हणे, जवाईबापू, तुमी कायले हात काळे करता? गावाची इज्जत जाईन ना! मग निंबाखाली खुर्ची, चहा, पुन्हा चहा. ही लाचारीच यांना मागे ठेवते. चहा बरा होता.

१८ सप्टेंबर
लोहाऱ्याला, हिरासिंगच्या वर्कशॉपमध्ये. एका भंगार कारचा टर्बो मिळाला. इंजिनाच्या मानाने बराच मोठा आहे. हिरासिंग म्हणाला, साहेब, बसते का नाई ते मले सांगता येत नाई, पन वेल्डिंग मी कायलेही मारतो. अशी माणसं हवीत. इंजिनिअर लोक नुसते किंतु काढतात. मी इंजिनिअर नाही, पण इंजिनिअरांच्या फाइली वर्षानुवर्षं मीच पुढे सरकवल्या.

२६ सप्टेंबर
बसला! जुना एअर फिल्टर टर्बोच्या तोंडाला बसेना. काढून टाकला. फिल्टर म्हणजे शेवटी हवेला अडथळाच. हिरासिंग म्हणाला, जाळी नंतर लावू. मी म्हटलं, गरज नाही.
चालू केल्यावर असा आवाज आला की शेजारच्या शेडमधली माणसं बाहेर आली. पाहतच राहिली.
पाचला उठण्याचा संकल्प दसऱ्यापासून. शुभ दिवस असावा.

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी : सोयाबीन निघालंय. शेत मोकळं. आज मशागत, उद्या पेरणी. दिवाळीची वाट कोण पाहतो? बाबारावला म्हटलं, बैल विकून टाक. तो म्हणाला, हो जी.
संध्याकाळी : घडलं ते थोडक्यात लिहितो.
सुमेधेने ट्रॅक्टरची पूजा केली. हळद-कुंकू, नारळ, आणि झेंडूचा लांबलचक हार. बॉनेटभर गुंडाळला. चांगलं दिसत होतं. मी बसलो, सगळं गाव जमलेलं, गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. टर्बोने हार ओढून घेतला. अख्खा, दोऱ्यासकट.
पाकळ्या, किंकाळीसारखा आवाज, मग निळा धूर. इंजिन आपलंच ऑइल पिऊ लागलं आणि सुसाट सुटलं. चावी बंद केली, स्टॉपची दांडी ओढली, ऐकेना. इंजिन असं सुटू शकतं हे आधी वाचायला हवं होतं असं सुमेधेचं मत. मी वेळेवर उडी मारली. निर्णयक्षमता. क्लच आठवला, पण तो खाली उतरल्यावर.
ट्रॅक्टर शेजारच्या, बाबारावच्या स्वतःच्या पऱ्हाटीतून, म्हणजे उभ्या कपाशीतून, आरपार गेला आणि नाल्याच्या काठाला टेकून ओरडत राहिला. मग एकदाचा गप्प झाला.
एक मात्र सिद्ध झालं. ताकद आहे.

३ ऑक्टोबर
दोष हाराचा. धर्म आणि तंत्रज्ञान यांची गल्लत केली की असंच होणार.
बाबारावकडे गेलो. त्याची बोंडं फुटायला आलेली पऱ्हाटी लोळली होती. मी काही बोलायच्या आत तोच हात जोडून म्हणाला, जवाईबापू, माफ करा जी, आमची पऱ्हाटी मंधात आली. मी माफ केलं.

११ ऑक्टोबर
इंजिन लोहाऱ्याला. पिस्टन वितळलाय. हिरासिंगने हातात धरून कौतुकाने दाखवला. म्हणाला, साहेब, असा मी कदी पाह्यला नाई.
ओल टिकेल. काळी जमीन आहे.

१७ ऑक्टोबर
हिरासिंग दिवाळीला तांड्यावर गेला. कामाची निष्ठा म्हणून राहिली नाही देशात. सुमेधेने कॅलेंडरवर दिवाळीभोवती लाल गोल काढलाय. तो दिसला की मला झोप लागत नाही.
दिवाळी काय, पुढच्या वर्षीही असते.

२८ ऑक्टोबर
सुमेधेबरोबर शेतावर गेलो. वाटेत तिला काय सांगायचं ते ठरवत होतो.
शेतात हरभरा उगवला होता. सरळ तासं, कुठे खाडा नाही. दिवाळीआधीच पेरलेला. मी बघतच राहिलो.
सुमेधेने विचारलं, हे कोणी केलं? बाबाराव म्हणाला, जवाईबापूनं पेरला, बाई. बाकीच्यांनी माना डोलावल्या. लय भारी पेरला म्हणाले. बाबारावचे बैल बाजूलाच रवंथ करत उभे होते. मी पेरला म्हटल्यावर शेत जाणार होतं ते त्याच्याच हातून, आणि ते वाचवायला त्याने नुसतं गप्प बसणं पुरेसं होतं.
टर्बोलाही ही माणसं अशीच लय भारी म्हणाली होती, हे तेव्हा लक्षात आलं. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.
सुमेधेने माझ्याकडे वळून विचारलं, बियाणं कोणतं टाकलंत?
मला हरभऱ्याच्या एकाही वाणाचं नाव आठवेना. बांधावरचं गवत कापायला आलेली बिजलीबाई विळा तसाच धरून मधे पडली. म्हणाली, त्यायले काहून इचारून राह्यल्या, बाई? जवाई हायेत ना ते.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.