भूक मारायचे थेंब

नागपूर,
१२ फेब्रुवारी २०२५

सौ. दीप्तीताईंना चारुशीलाचा सप्रेम नमस्कार.

पुण्यात सगळे बरे असतील. इकडे थंडी सरली, अनंतचं ऑफिस त्याला सोडत नाही आणि गच्चीवरची टाकी पुन्हा गळायला लागली आहे. पत्र बघून तुम्ही हसाल. पण तुमचा फोन आला की आई माझ्या शेजारी येऊन बसतात, आणि हे त्यांच्यासमोर बोलता येत नाही. मोबाइलवर लिहायला घेतलं आणि पुन्हा पुन्हा पुसलं.

आईंच्या पाटल्या इतवारीला सोनाराकडे नेऊन लहान करून आणल्या. तरी सैलच होतात. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी तुम्ही दिवाळीत दिलेल्या बाटलीबद्दल. सगळ्यांसमोर माझ्या ताटाकडे बघून तुम्ही म्हणालात, "चारू, आता जरा आवर." तेव्हा राग आला होता, आता लिहूनच टाकते. पण मोहही झाला. गांजाच्या झाडातला भूक मारणारा तेवढाच अंश, नशा अजिबात नाही, तुमच्या सगळ्या मैत्रिणी स्वयंपाकात घालतात, असं तुम्ही सांगितलंत. मी म्हटलं, बघू या.

पहिल्यांदा कढईतच ओतलं, तर घरभर ओल्या गवताचा वास सुटला आणि अनंतने खिडक्या उघडल्या. मग कळलं की हे आचेवर ठेवायचं नाही. वरण उतरवल्यावर तुपाबरोबर सोडायचं, गोळाभातावरची फोडणी निवली की त्यात मिसळायचं, नाहीतर ताकात. माझ्या वाटणीचं वेगळं काढून त्यातच घालत होते. कडूपणा झाकायला लसूण, आमचूर, गूळ, सगळं वापरून झालं. वजनाच्या बाबतीत मी हरले असेन, स्वयंपाकाच्या बाबतीत हरत नाही.

थेंबांनी म्हणा की त्या चवीनं म्हणा, घरातलं माझं जेवण कमी झालं. अर्धं ताट राहायला लागलं. वजन मात्र तसूभर हललं नाही, कारण धरमपेठेत माझ्या ऑफिसखालच्या गाडीवर मिळणाऱ्या सामोशांत थेंब नव्हते. हसा तुम्ही.

आणि ते उरलेलं ताट आई घ्यायच्या. तुम्ही त्यांची लेक, त्यांच्या हाताखाली वाढलात, त्यांच्याकडून शीतभर अन्न फेकलं जात नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी नको म्हटलं, की "महागाचं औषध आहे, वाया काहून घालवतेस" म्हणायच्या आणि ताट ओढून घ्यायच्या. म्हातारं माणूस, दोन घास जास्त खाईल तर बरंच, असं मला वाटायचं. त्या माझं उरलेलं तेवढंच खातात आणि स्वतःचं पान वाढूनच घेत नाहीत, हे लक्षात यायला मला संक्रांत उजाडली. तिळगूळ द्यायला आलेल्या शेजारच्या वंदनाकाकूंनी आईंना बघून दारातच विचारलं, यमुताई आजारी होत्या का म्हणून.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, फोटो काढले. काही निघालं नाही. बाटली दाखवली तर म्हणाले, बंद करा, पण एवढ्याशा थेंबांनी इतकं होईल असं मला वाटत नाही. मी बाटली कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली. माझं ताट चाटूनपुसून साफ करायला लागले. आईंना वेगळं वाढायचे, समोर बसायचे. चार शितं चिवडून त्या उठायच्या.

गेल्या रविवारी स्वयंपाकघरात गेले, तर त्या स्टुलावर चढून बाटली काढून आपल्या ताकात थेंब सोडत होत्या. मी हातातून पेला घेतला. म्हटलं, आई, याने भूक मरते, तुम्हाला माहीत आहे ना? त्या शांतपणे म्हणाल्या, "मले ठाऊक आहे वं. म्हणून तर घेऊन राहिली."

ताई, इथपर्यंत मी सगळं भराभर लिहिलं. आता पुढचं लिहायला हात उचलत नाही.

बाबा गेले त्या सकाळी आम्ही सगळे दवाखान्यात होतो. रात्रभर आई त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. सकाळी अनंतने त्यांना बळेच खाली पाठवलं, काहीतरी खाऊन या म्हणून. त्या तर्री-पोहे खात असताना वर बाबा गेले. तुम्ही विमानतळावरून थेट आलात. आई जिन्यातून वर येत होत्या, पदराला हात पुसत. तुम्ही म्हणालात, "तुला अशा वेळी भूक तरी कशी लागली?"

तुम्हाला आठवतही नसेल. तुम्ही रडत होतात, वडील गेले होते, तोंडातून काय निघतंय ते कोणाला कळतं? मी शेजारी उभी होते आणि मीही विसरले होते. आई विसरल्या नाहीत. रविवारी ओट्याला टेकून मला म्हणाल्या, "तिकडे यांचा जीव जाऊन राहिला होता अन् मी पोहे खाऊन राहिली होती. पोरगी बरोबर बोलली. पण मले अजून भूक लागते वं. रोज सकाळी उठली का लागते. त्याची लाज वाटते मले."

मी पुष्कळ समजावलं. अनंतने समजावलं, तो तर लहान मुलासारखा रडला. त्या आम्हाला हो म्हणतात आणि जेवत नाहीत. बाटली मी मोरीत ओतली, पण आता त्यांना बाटलीची गरज राहिलेली नाही. कालपासून ताकही नको म्हणतात. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात नळीने भरवावं लागेल, आणि या वयात अंगात फार काही उरलेलं नाही.

"दीप्तीले सांगू नको, तिले वाईट वाटंल," असं त्यांनी मला बजावलं आहे. मी त्यांचं ऐकलं नाही. तुम्हाला वाईट वाटलं तर वाटू द्या. माझ्यावर रागवा, पण या.

आल्यावर माफी मागत बसू नका. "तू कधी काय म्हणालीस, मले आठवत नाही" म्हणून त्या उडवून लावतील. त्यापेक्षा चपला काढता काढता म्हणा, "आई, मला भूक लागली आहे." किती वर्षांत या घरात तुम्ही हे म्हटलेलं नाही, डाएट म्हणून. त्या उठतील. उभं राहवत नाही, तरी उठतील, पोळी लाटायला बसतील, मला हात लावू देणार नाहीत. तुम्ही पोटभर जेवा, मागून घ्या, आणि मग त्यांचा हात धरून शेजारी बसवा. बसल्या नाहीत, तरी ताटावरून उठू नका.

वाट बघते आहे,
तुमची चारू