सर्व प्रवासी सुखरूप

मंगळवार, १२ नोव्हेंबर
दुपारी तीनला खाडीच्या तोंडाशी लाँच बुडाली! संध्याकाळी बंदरावरच्या कारकुनाचा फोन मीच घेतला. "सगळ्यांना काढलं म्हणतात. पण मॅडम, जरा थांबा, यादी जुळवून सांगतो."
संपादक डोक्यावर उभे. "पान सोडायचंय! यादी कसली जुळवत बसता?"
मथळा मी दिला — 'सर्व प्रवासी सुखरूप'. 'म्हणतात' गाळलं. झक्क बसला चार कॉलमांत! शाब्बासकी मिळाली. सुखावले, खोटं कशाला लिहू?

बुधवार, १३ नोव्हेंबर
सकाळी धक्क्यावर गेले, पुढची बातमी करायला. होड्या वाळूवर ओढलेल्या. म्हातारा होडीवाला म्हणाला, "पहाटे शोधायला निघालोच होतो. तेवढ्यात पेपर आला. म्हटलं, सुटलो!"
कारकून बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "यादीत तेवीस कमी येतायत. पण तुम्ही छापलंत, म्हणजे तुम्हाला कुठून तरी पक्कं कळलं असणार. गेले असतील परस्पर घरी."
कुठून कळणार? त्याच्याकडूनच तर! — तरी गप्प राहिले.
पायरीवर एक बाई बसलेली. नवरा शिंपी, पलीकडे शिवलेले कपडे पोचवायला गेलेला. मांडीवर आमचाच पेपर. "ताई, मला अक्षर येत नाही. एवढं मोठं काय लिहिलंय, वाचता का?"
वाचलं. दोनदा.
"मग येतीलच," म्हणाली.

गुरुवार, १४ नोव्हेंबर
तेवीस घरांत कुणीच पोचलं नाही. आज होड्या गेल्या. रिकाम्या नाही आल्या. एक खलाशी तेवढा जिवंत, बेशुद्ध. शिंपीही सापडला — गेलेला.

शनिवार, १६ नोव्हेंबर
दुरुस्ती छापली — आतल्या पानावर, तळाला. 'बंदर कार्यालयाच्या चुकीच्या माहितीमुळे.' कारकून निलंबित. संपादक म्हणतात, "आपण नामानिराळे. आता तोंड उघडू नकोस."
आई ताट वाढून बसली होती. ताट तसंच सरकवलं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर
बंदरावरच्या चौकशीत सगळं सांगितलं. तो काय म्हणाला, मी काय गाळलं, बुधवारी कशी मूग गिळून बसले. कारकुनाला परत घेणार. मला उद्यापासून घरी बसायला सांगितलंय. बसेन. शिंप्याची बायको ऐकत होती. जाताना म्हणाली, "ते मंगळवारीच गेले हो. तुम्ही बोलला असता तरी काय होणार होतं?"
तिनं माफ केलं की काय? आठवड्यानं आज पहिल्यांदा जेवले.

गुरुवार, २१ नोव्हेंबर
होडीवाल्यांना जिवंत सापडलेला तो एकमेव खलाशी आज शुद्धीवर आला. शिंपी आणि तो एकाच फळीला धरून होते म्हणे — बुधवारी दुपार टळेपर्यंत. धक्का दिसत होता. हाका मारत होते.