तुझ्या विहिरीतलं गप्प शिसं

ती. ताईस,

तुला नमस्कार, आणि घरात आणखी जे कोणी असेल त्यालाही.

तुझ्या लग्नानंतर तुझ्या सासरहून परतताना बाबा म्हणाले होते, "त्या घरात माणूस आपोआप हळू बोलायला लागतो." मी हसले होते. पण आमचे हे (मीठ मागतानाही सभेत बोलल्यासारखे बोलतात) तुझ्याकडे आले की कुजबुजतात. तब्येत कशी आहे? हातांना अजून मुंग्या येतात का?

तुझ्या विहिरीचं पाणी मी प्रयोगशाळेत तपासलं ना, त्याबद्दल लिहितेय. आमच्या यंत्रात एक भयंकर तापलेली ज्योत असते. तिच्यात पाण्याचा फवारा सोडला की प्रत्येक धातू आपापला उजेड देतो, आणि उजेडावरून तो किती आहे ते कळतं. शिसं मर्यादेच्या जरा आत निघालं, म्हणून मी फोनवर म्हटलं, खुशाल पी. तिथेच चुकले. यंत्राला शिशाची ओळख मी शुद्ध पाण्यात करून दिली होती आणि तुझं पाणी क्षारांनी गच्च. अशा गर्दीत शिशाचा उजेड दबतो. ज्योत पिवळीधमक झाली तेव्हा शंका आली, म्हणून तुझ्याच पाण्यात मोजून शिसं घातलं. जेमतेम निम्मं दिसलं. बाकीचं तिथेच होतं, फक्त गप्प. म्हणजे आधीचा आकडाही निम्माच, खरं शिसं मर्यादेच्या बरंच वर. आमचे साहेब (यांचा आवाज पार्किंगपर्यंत जातो) ज्योतीकडे बघत पुटपुटले, "बाई, हे पाणी कुणाकडचं?"

उरलेली बाटली मी वेंधळेपणाने घरी आणली. ती ओट्यावर आल्यापासून मुलंसुद्धा हळू आवाजात भांडतात.

तू लिहिलंस, आई मागच्या खोलीत असते, दिवसभर बोलते, पण ऐकू येत नाही. आई जाऊन किती वर्षं झाली, शिशाने भास होतात, विसर पडतो, हे सगळं मी तुला समजावणार होते. पण काल बाटली ओतून टाकताना बेसिनमधून कुणीतरी मला 'चिमे' म्हटलं, आई म्हणायची तसं. अगदी हळू. (नळही असेल.)

तुझी,
धाकटी

ता. क. ते पाणी आजच बंद कर. उकळूनही शिसं जात नाही.

आणखी एक. माझ्याकडे राहायला ये. आईला एकटं टाकून तू निघणार नाहीस, म्हणून तिलाही घेऊन ये. दोघी नाहीच म्हणाल, माहीत आहे. तेवढं जरा मोठ्याने म्हणा.