ह्यांच्या वाटणीचं ताट

इवाकुनी,
१८ जून २०१९

ती. कियोनो वन्सं यांस,
त्सुयाकोचा सा. न. वि. वि.

त्या सकाळी मी तांदूळ धुऊन भिजत घातले होते, सुकी मासळी जाळीवर टाकली होती, आणि ती भाजेपर्यंत ह्यांचा कोट झटकायला घेतला होता. तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आदल्या दिवशीच हे तोक्योला मोठ्या डॉक्टरांना दाखवून परत आले होते. कोटाच्या खिशात लाल दांड्याचा दात घासायचा नवा ब्रश निघाला, अजून ओला. विचारलं, तर म्हणाले, सूनबाईने दिला. मी तो धुऊन ठेवला आणि मासा उलटला. परवा रविवारी परतीच्या गाडीत मला हीच सकाळ आठवत राहिली, का ते कळत नाही. पोटातली मळमळ विसरायला काहीतरी हवं होतं, एवढं खरं.

गुडघ्यामुळे तुम्हाला येता आलं नाही, म्हणून सगळं लिहिते. तुमच्या भावाच्या तिसऱ्या वर्षाचा विधी नीट झाला. नातवंडांच्या परीक्षा म्हणून तुमच्या भाच्याने, नोबूने, तो तोक्योतच ठरवला होता. मी देव्हाऱ्यातली ह्यांच्या नावाची नामपाटी रेशमी रुमालात बांधून मांडीवर घेऊन गेले. पठण छान झालं. जेवणाचं मात्र सांगायला लाज वाटते.

मला वाटलं होतं, देवळाजवळ टोफूचं, रानभाज्यांचं साधं जेवण असेल. नोबूने आम्हा सगळ्यांना विधीच्या काळ्या कपड्यांतच एका अमेरिकन पद्धतीच्या खानावळीत नेलं. मखमली खुर्च्या, छताला झुंबरं. उंच पांढऱ्या टोपीवाला एक माणूस चांदीची गाडी ढकलत आला. झाकण सरकवलं, तर आत गाईच्या बरगड्यांचा भलामोठा भाग, वाफा सोडत पडलेला. मला क्षणभर वाटलं, शववाहिनीच उघडली. त्याने वाकून विचारलं, आजींना कितपत शिजलेलं हवं. मी म्हटलं, पूर्ण शिजव रे बाबा, मी काही वाघीण नाही. तरी ताटात गुलाबी पाणी सुटलंच, आणि त्यात बाजूचा बटाट्याचा लगदा भिजत गेला.

मग नोबूने ह्यांचा फोटो मांडला आणि ह्यांच्या वाटणीचं ताट मागवलं. सगळ्यात मोठा तुकडा, हाडासकट, आतून लालभडक. फोटोतले हे त्या रक्ताकडे बघून हसत होते. आमच्यापैकी कोणाच्याने आपलंच संपेना. गेलेल्या माणसाचं ताट घरच्यांनी वाटून संपवायचं असतं, टाकायचं नसतं, म्हणून मी म्हटलं, हे बांधून द्या. तर वाढपी कमरेत वाकून वाकून सांगू लागला, की आतून कच्चं मांस उन्हाळ्यात बाहेर नेऊ देता येत नाही, आजींचं पोट बिघडेल. आणि माझ्यादेखत त्याने ते ताट उष्ट्या ताटांवर चढवलं.

वन्सं, आता जे लिहिते ते ह्यांच्याशिवाय मी कोणाला सांगितलेलं नाही. सोळाव्या वर्षी मी अमेरिकन तळावरच्या भटारखान्यात ताटं घासायला होते. दोन घास खाऊन सोडलेले असेच तुकडे मी बादलीत खरवडून टाकायची. चरबी कोपरापर्यंत चिकटायची. घरी धाकट्या भावंडांना रताळ्याची पेज. एकदा मी बादलीतला एक तुकडा उचलून तोंडात घातला. दारात उभ्या असलेल्या कोणीतरी ते पाहिलं आणि तो हसला. तेव्हापासून त्या वासाने मला ढवळून येतं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात आमच्या घरात गाईचं मांस शिजलं नाही. आणि शेवटी ह्यांचंच ताट त्या बादलीत गेलं.

मी उठले, नामपाटी उचलली आणि स्टेशन गाठलं. घरी येऊन नोबूला कळवलं, की ऑगस्टात पितर घरी येतात तेव्हा तू येऊ नकोस. तुझ्या वडिलांची सोय मी एकटी बघेन.

गुडघ्याला जपा. माझ्यावरचा लोभ आहे तसा राहू द्या.

आपली,
त्सुयाको


हागी,
२६ जून २०१९

चि. त्सुयाको हिस,
कियोनोचे अ. आ.

माझा गुडघा माझ्यापेक्षा हट्टी निघाला, बाकी ठीक आहे. शववाहिनीचं वाचून मी खो खो हसले. मग बादलीचं वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. किती वर्षं पोटात ठेवलंस ग हे?

पण मला सांग, नोबूला यातलं काय ठाऊक होतं? आपण बोलायचं नाही, आणि समोरच्याने ओळखलं नाही की रुसायचं, ही तुझी जुनीच खोड. फिरत्या ग्रंथालयाची गाडी रिकामी करतेस, एवढी पुस्तकं वाचतेस, पोटच्या पोराचं तोंड वाचता येत नाही होय?

दुसरं असं, की माझा हा भाऊ तामोत्सु लहानपणी गाईच्या मांसावर जीव टाकायचा. वडिलांचा बोनस झाला की वर्षातून एकदा आमच्याकडे ते शिजायचं, आणि हा पठ्ठ्या पातेलं चाटून पुसून ठेवायचा. लग्नानंतर एकदम मासेखाऊ साधू झाला. मी विचारलं तर म्हणाला, आता पोटाला झेपत नाही, ताई. टपालाची सायकल घेऊन रोज डोंगर चढणाऱ्याचं पोट! तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

नोबूला विचार, तीच जागा का निवडलीस म्हणून. ओरडू नकोस, विचार. पोराला दाराबाहेर ठेवलंस तर तामोत्सु तरी कोणत्या तोंडाने आत येईल?

लवकर लिही, म्हातारीला ताटकळत ठेवू नकोस.

तुझी,
कियोनो वन्सं


तोक्यो,
३ जुलै २०१९

ती. आईस,
नोबुहिरोचा शि. सा. न.

तू विचारलंस म्हणून लिहितो. बाबांनी मला शपथ घातली होती, ती आज मोडतो आहे.

बाबा इथे मोठ्या डॉक्टरांना दाखवायला आले त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, की फार तर एक वर्ष. बाबा जिना उतरून खाली आले. मग म्हणाले, येताना बसमधून एक अमेरिकन खानावळ दिसली, तिथे जाऊ. पण आधी बाकावर बसून तू दिलेले भाताचे दोन गोळे आम्ही अर्धे अर्धे खाल्ले. म्हणाले, आईने पहाटे उठून केलेत, हे आधी. त्यानंतर तिथे जाऊन त्यांनी अख्खं ताट संपवलं, पावाने रस्सासुद्धा पुसून घेतला. मी विचारलं, घरी का नाही खात? तर म्हणाले, तिला वासाचा त्रास होतो. का होतो, ते विचारल्यावर म्हणाले, ते तिचं आहे, तिने सांगितलं तर सांगेल.

स्टेशनवर ब्रश विकत घेऊन त्यांनी दोनदा दात घासले आणि मला तोंड हुंगायला लावलं. गाडीत चढताना म्हणाले, पुढच्या वेळी हाडासकट मोठा तुकडा घेऊ. पुढची वेळ आलीच नाही. म्हणून त्याच जागी मी तो मागवला.

तू ताट बांधून मागत होतीस तेव्हा मी बोलायला हवं होतं. चारचौघांत तमाशा नको म्हणून मान खाली घालून बसलो. निदान तिथेच बसून मी ते खायला हवं होतं. आई, मला लाज वाटते ती याची.

तू ये म्हणालीस तरच येईन.

तुझा,
नोबू


इवाकुनी,
९ जुलै २०१९

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

नोबूचं पत्र सोबत ठेवलं आहे, वाचून परत पाठवा. आधी मला ह्यांचाच राग आला. इतकी वर्षं समोर बसून मासे खाल्ले, एकदा तरी तोंड वाकडं करायचं! पण मग विचार केला, बोलले असते तर मी काय म्हटलं असतं? बाहेर जाऊन खा आणि दात घासून या, असंच म्हटलं असतं. तेच तर केलं माणसाने. फक्त तसं तोंडाने सांगायची लाज माझ्यावर येऊ दिली नाही.

आज नाक्यावरच्या मांसाच्या दुकानात पहिल्यांदा पाय ठेवला. दुकानदार म्हणाला, चुकलात वाटतं आजी, मासे पुढच्या गल्लीत. मी म्हटलं, हाडासकट मोठा तुकडा दे आणि मुकाट्याने बांध. घरी सगळ्या खिडक्या उघडल्या, नाकातोंडाला फडकं बांधलं. तरी चरबी सुटायला लागली तशी मी दोनदा मोरीवर जाऊन वाकले. शेजारीण डोकावून विचारून गेली, बरं नाही का. ताट ह्यांच्या फोटोपुढे ठेवलं, उदबत्ती लावली आणि ती विझेपर्यंत बसले.

मग माझ्या वाटणीचा एक घास खाल्ला. आलं लावलं, मुळा लावला, तरी घाण ती घाणच. तुपकट, टाळूला चिकटणारी. पण गिळला. या वेळी बघून हसणारे फक्त हे होते. उरलेलं झाकून ठेवलं आहे. टाकणार नाही, पण मला एकटीला ते संपायचं नाही.

उन्हं वाढताहेत, अंगणात फिरताना काठी घ्या. या हट्टी भावजयीला अंतर देऊ नका.

आपली,
त्सुयाको

ता. क. काल पत्र पेटीत टाकायचं राहिलं. आज सकाळी उरलेलं मांस बर्फाच्या कप्प्यात ठेवलं, दोनदा दात घासले, आणि नोबूला फोन करून सांगितलं, की तेरा ऑगस्टला ये आणि बाबांचं ताट संपव.