जाळीखालचा चौथा तुकडा

ती. मामा,

हात कोरडे करून साष्टांग नमस्कार. (कोरडे करून हे मुद्दाम लिहिलं. गेले दहा दिवस माझे हात कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात आहेत.) तुमची कंबर, मामींचा गुडघा आणि दुकानातलं जुनं पायमशीन, तिघांचीही कुरकुर आटोक्यात असावी. फोन करणार होतो, पण माझं पहिलं वाक्य ऐकलं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून पत्र. आम्ही ठीक आहोत. भावोजी कामासाठी परगावी गेलेत, तेही ठीकच असणार, कारण त्यांना अजून काही कळलेलं नाही.

कॉलेज अर्ध्यावर सोडल्यापासून मी ताईकडे आहे, हे तुम्ही जाणताच. (सोडलं असं नाही. सरांशी वाद झाला, मी तावातावाने वर्गाबाहेर पडलो तो थेट फाटकाबाहेर. चूक त्यांची होती, पण तो विषय वेगळा.) इथे माझ्याकडे एकच काम, भावोजींच्या समुद्राची निगा. समुद्र म्हणजे बाहेरच्या खोलीतली चार फुटी काचेची टाकी. दिवसभर कारखान्यात कापडाचे थरच्या थर कापणारा हा माणूस घरी आला की तिच्यासमोर असा बसतो की ताईला ताट वाढून तीन हाका माराव्या लागतात. त्यातही जीव की प्राण एक लाल मश्रूम कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ. तुमच्या शिंपीकामाच्या भाषेत सांगतो: कोटाच्या खिशाएवढी मऊ चकती, हाडबीड काही नाही, मधोमध काजाएवढं तोंड, आणि बुडाशी दगडाला चिकटलेली.

टाकीचं पाणी आठवड्यातून एकदा बाटलीत भरून माशांच्या दुकानात तपासायला न्यायचं असतं. तपासते मालकांची मुलगी. पहिल्या आठवड्यात मी एकदा गेलो, दुसऱ्यात तीनदा, तिसऱ्यात रोज. शेवटी तिने काचेची नळी उजेडात धरली, त्या नळीतूनच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पाण्याला काही झालेलं नाही. तुझं काय ते बघ." मामा, आजवर माझ्या आजाराचं इतकं अचूक निदान कुणी केलेलं नव्हतं.

मग कळलं की तिच्या बाबांना दुकानात माणूस हवाय, पण धीराचा. मी म्हणालो, मीच तो. तिने विचारलं, शिक्षण कुठवर. मी म्हणालो, निम्म्यावर. त्यावर ती जे हसली, त्याने माझं डोकं फिरलं. पण तिनेच तोडगा काढला. मश्रूम कापून वाढवता येतो. तोंडातून आरपार कापायचा, प्रत्येक तुकड्याला तोंडाचा वाटा मिळाला पाहिजे. वाटीत दगडाचे खडे, खड्यांवर तुकडे, वर जाळी, आणि पंधरा दिवस हात लावायचा नाही. तुकडा आपण होऊन खड्याला धरतो आणि पुढे अख्खा होतो. "कापायला काय, कुणीही कापेल," ती म्हणाली. "हात न लावता बसशील का? पंधराव्या दिवशी, रविवारी, एक चिकटलेला तुकडा आणून दाखव, मग बाबांशी बोलते." अर्ध्याचं अख्खं होतं, हे ऐकून मला स्वतःविषयीसुद्धा बरं वाटलं. शिवाय भावोजींना एकाचे चार मिळाले, तर ते नाचतीलच.

घरी येऊन पंप बंद केला आणि चार तुकडे केले. (ताजं पातं घे असं ती म्हणाली होती. पातं हाताशी नव्हतं. काय होतं, ते खाली येईल.) दगडावर उरलेल्या बुडख्यालाही पुन्हा तोंड फुटतं म्हणे. आता पहिल्या तुकड्याची गोष्ट. तो आपण होऊन चिकटेपर्यंत पंधरा दिवस कोण थांबणार, म्हणून मी झटपट गोंद लावला. तुकडा शेंबडासारखा बुळबुळीत, त्याला गोंद लागला नाही. अंगठा मात्र दगडाला पक्का बसला. ताईने तेल लावून सोडवेपर्यंत तुकडा निसटला आणि पंप पुन्हा सुरू करताच त्याने गिळला. दुसरा, तिसऱ्या दिवशी मी जाळी किंचित उचलून बघितलं तेव्हा वाहून गेला, तो अजून बेपत्ता आहे. तिसरा पाचव्या दिवशी असाच सुटला आणि चिकटला, मामा, अगदी झकास चिकटला, पण टाकीतल्या गोगलगायीच्या पाठीवर. आता ती सकाळी डाव्या काचेवर आणि संध्याकाळी उजव्या काचेवर त्याला मिरवत असते. ताई म्हणते, "तुझ्यापेक्षा तिने लवकर संसार मांडला."

उरला चौथा. माझी नोकरी, माझी अब्रू आणि पुढचं जे काही मनात आहे ते, सगळं त्या आक्रसून नखाएवढ्या झालेल्या तुकड्यावर आलंय. पाच दिवस मी जाळीला हात लावलेला नाही. समोर बसतो, मांडीखाली हात घालून. तुमचा भाचा सुधारला.

मामींना नमस्कार. कमरेला शेक घेत जा.

तुमचा आज्ञाधारक (यावेळी खरंच),
भाचा

ता. क. पातं नव्हतं तेव्हा भावोजींच्या खणातली ती मोठी कात्री घेतली. हो, तीच. तुमच्या हाताखालची उमेदवारी संपल्यावर तुम्ही त्यांना दिलेली, जिने ताईला साधा कागदही कापू देत नाहीत. खाऱ्या पाण्याने काय होतं हे मला माहीत नव्हतं. आता ती उघडत नाही, आणि उघडली तर मिटत नाही. भावोजी शनिवारी येतात. तिची जोडीदारीण तुमच्या दुकानात खिळ्याला टांगलेली मी पाहिली आहे. शुक्रवारपर्यंत पोचेल अशी धाडून द्या.

ता. क. दुसरा. माशांच्या दुकानाचे मालक तुम्हाला फोन करतील. आधी कुठे काम केलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी तुमचं नाव सांगितलं आणि दोन वर्षं म्हणालो. चार दिवस होते, आणि चौथ्या दिवशी मी गिऱ्हाइकाला टेप फेकून मारली, हे मला आठवतं. तरी पोरगा धीराचा आहे, एवढंच म्हणा.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करण्याआधी फक्त एकदा जाळी उचलली आणि काडीने अगदी हलकेच ढोसून बघितलं. चिकटला होता.

आता रविवारी गोगलगायच न्यावी लागणार. मालकांचा फोन आला तर धीराचं काही बोलू नका, त्यांची मुलगी तशीही ओळखून आहे. खरं तेच सांगा. फक्त चार दिवसांचे पाच करा. पाचव्या दिवशी मी चपला न्यायला आलो होतो.