तेविसावी चूक

वाकोला,
शुक्रवार सकाळ

प्रिय श्रुतिका,

मुलुंडला राहणाऱ्या मुलीला वाकोल्याहून पत्र लिहिणारा बाप तुला वेडाच वाटेल. फोनवर बोलायचा प्रयत्न या आठवड्यात मी तीनदा केला. तीनही वेळा तू "बोला ना बाबा" म्हणालीस आणि मी तुमच्याकडे पाणी नीट येतंय का विचारून फोन ठेवला. शेवटी तुझी आई म्हणाली, तोंडानं जमत नसेल तर कागदावर लिहा, कागदावर तुम्हाला सगळं जमतं. गेल्या आठ दिवसांत ती माझ्याशी एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलली. तिने दिलेल्या कुळथाच्या पिठाबरोबर हे पत्र पिशवीत येईल. आधी पत्र वाच, पिठी मग कर.

झालं असं. गेल्या गुरुवारी संध्याकाळी समोरच्या मधुकरची नात दिशा आमच्याकडे आली. आता तेरा वर्षांची झाली, उंचीला मधुकरला मागे टाकेल. आपल्या बिल्डिंगमध्ये अजूनही कोणाला काही विकत घ्यायचं असलं की आधी मला विचारतात, हे तुला माहीतच आहे. मिक्सर, जुनी स्कूटर, आंब्याची पेटी, सगळं आधी माझ्या नजरेखालून जातं. दिशाला गेम घ्यायचा होता. वाढदिवसाचे पैसे साठवलेले, त्यात एकच येणार, आणि रिव्ह्यू मिक्स आहेत म्हणाली. आजोबा, तुम्ही सांगा, घेऊ का? असं म्हणून तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. त्यावर निळं दार होतं, दाराला तोरण, आत चुलीवर पातेलं. तुझा गेम. 'वनमालाची खानावळ'.

तो तुझा आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. दिवाळीपर्यंत खप वाढला नाही तर तू आणि देवेश जिथे बसून गेम बनवता ती मरोळची खोली सोडणार, देवेश नोकरी धरणार, तूही परत कुठल्यातरी बँकेच्या कॉम्प्युटरपुढे बसणार, हे मला माहीत होतं. एक गिऱ्हाईक तर एक गिऱ्हाईक, "घे" म्हणून मोकळं व्हावं असं मनात आलं. पण दिशाने तोवर रिव्ह्यू वाचायला सुरुवात केली होती. एकाने लिहिलं होतं, खूप संथ आहे, दोन तासांत नुसत्या भाकऱ्याच भाजतोय. कोणा हॉस्टेलवरच्या मुलीने लिहिलं होतं, की डाळीला फोडणी बसल्याचा आवाज ऐकला आणि घरी फोन लावला. मग दिशा सगळ्यात वरच्या रिव्ह्यूवर आली. अंगठा खाली, तेवीस चुका, नंबर घालून. लिहिणाऱ्याचं नाव 'इन्स्पेक्टर ३१'. तीनशेच्या वर लोकांनी तो उपयोगी म्हणून ठरवलेला. दिशाने तो पूर्ण वाचला आणि म्हणाली, "या माणसाला कळतंय यार. एवढं बारीक बघतो म्हणजे खरंच वाट लागली असणार गेमची. राहू दे, दुसरा घेते." आई पदराला हात पुसत आतून आली, स्क्रीनवर वाकून ते नाव बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी 'हं' मध्ये बोलते आहे. मी दिशाला म्हटलं, दोन दिवस थांब, मग सांगतो.

आता जरा जुनं सांगतो, कंटाळू नकोस. मरोळच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासणीच्या खोलीत होतो. तू लहानपणी यायचीस तेव्हा तुला माझ्या टेबलावरच्या तीन चिठ्ठ्यांचं फार अप्रूप असायचं. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे भंगार, आणि पिवळी म्हणजे परत करून आण. माझा हात सगळ्यात जास्त पिवळीवर असायचा. लेथवरचा काशीराम दर सोमवारी पहिला नग घेऊन यायचा, मी त्यावर पिवळी लावायचो, तो ती वाचायचा, परत जायचा, दुरुस्त करून आणायचा, आणि मग आम्ही दोघं चहा प्यायचो. त्याला कधी अपमान वाटला नाही. उलट एकदा मी घाईत न बघता हिरवी लावली तर तो रुसला. म्हणाला, साहेब, आज माझ्याकडे लक्ष नाही तुमचं. मला तेव्हा जे समजलं ते मी जन्मभर धरून बसलो. ज्याचं काम चांगलं आहे त्याच्याच कामात चुका काढायच्या, भंगारात कोण चुका शोधत बसतो.

तेच घरात केलं. दुसरीत असताना तू हत्ती काढलास आणि मी पट्टी लावून त्याचे चार पाय मोजले. तू रडली नाहीस, खोडून परत काढलास, म्हणून मला वाटलं मुलगी माझ्यावर गेली. आईची खानावळ होती तेव्हा संध्याकाळी कारखान्यातून आलो की आधी मी आमटी चाखायचो, मग जेवायला येणारी बारा माणसं बसायची. बँकेची नोकरी सोडते म्हणून सांगायला आलीस तेव्हा मी विचारलं, हे विकत कोण घेणार? मला खरंच ते जाणून घ्यायचं होतं गं. तू चप्पल घालताना म्हणालीस, बाबा, एकदा तरी नुसतं छान म्हणा ना. मी म्हटलं, आधी होऊ तर दे.

गेम आला तेव्हा तू विचारलंस, बघाल का? मी म्हटलं, वेळ मिळाला तर. निवृत्त माणसाला वेळ मिळाला तर. खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी, तू इथे ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपवर, मी तो विकत घेतला होता. आई बाजारात गेली की खेळायचो. नऊ दिवस खेळलो आणि वहीत टिपून ठेवलं. सोलकढी चुलीवर उकळताना दाखवली आहे. नारळ उभ्याने खवतात. सोमवारी सुरमईची थाळी सगळ्यात जास्त खपते, मालवणी माणसाच्या खानावळीत, सोमवारी. अशा तेवीस. मग ते इंग्रजीत नीट लिहून तिथे टाकलं. शेवटी अंगठा वर की खाली असं विचारत होते. तिसरं काही नव्हतं. तेवीस चुका असलेल्या नगाला हिरवी लागत नाही, म्हणून मी खालचा दाबला. मला वाटलं ती पिवळी आहे. मला वाटलं तू वाचशील, दुरुस्त करशील, आणि मग आपण चहा पिऊ. तो अंगठा तुझ्यासाठी नसून विकत घेणाऱ्यांसाठी असतो, हे मला दिशाने दुसरा गेम घेते म्हटलं तेव्हा कळलं. गेल्या महिन्यात तू आईला फोनवर म्हणालीस, की कोणीतरी खडूस मालवणी म्हातारा पहिल्या पंधरा दिवसांतच आमची वाट लावून गेला, पण त्याच्या तेविसांतल्या बावीस चुका खऱ्या होत्या, आम्ही त्या सुधारल्या. फोन स्पीकरवर होता. बावीस ऐकून मी मनातल्या मनात खूश झालो. 'वाट लावून' हे ऐकूनही कानाआड केलं. मला माफ कर.

तेविसावी राहिली. मी लिहिलं होतं, दाराजवळ एक चष्मेवाला माणूस बसवला आहे, तो प्रत्येक पदार्थ चाखतो आणि काही ना काही कमी आहे म्हणतो, त्याचा कथेला उपयोग नाही, गिऱ्हाइकं कंटाळतात, काढून टाकावा. परवा मी ते आईला वाचून दाखवलं, तिचं 'हं' तरी सुटेल म्हणून. तिने हातातली मेथी खाली ठेवली. "अवो, तो तुमीच मां. आणखी कोण असतलो?" मी म्हटलं, त्याला मिशी आहे. त्यावर ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग मी परत खेळायला बसलो, या वेळी वही न घेता. तो माणूस रोज सगळ्यांच्या आधी येतो आणि सगळ्यांत शेवटी जातो. तो चाखल्याशिवाय वनमाला एकही पान वाढत नाही. हे मी नऊ दिवसांत बघितलं नव्हतं. आणि ती एकच चूक तू सुधारली नाहीस, लिहिणारा कोण हे माहीत नसताना.

आज सकाळी तो रिव्ह्यू मी काढून टाकला. अंगठा वर करून टाका असं आई म्हणत होती, पण आमच्या तपासणीच्या खोलीत घरच्या माणसाचं काम तपासायला मनाई होती. माझा भाचा लेथवर लागला तेव्हा त्याचे नग दुसऱ्या टेबलावर जायचे. तुझा गेम मी तपासायलाच नको होता. तो रिव्ह्यू दिसेनासा झाला की तू आणि देवेश विचार करत बसाल, म्हणून हे पत्र आजच पोचायला हवं. दिशाला मी कालच सगळं सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून "काय आजोबा तुम्ही" म्हणाली, मग आमच्याच लॅपटॉपवर दुपारभर खेळली, आणि घरी जाऊन तिने तो विकत घेतला. मी घे म्हटलं नव्हतं. रविवारी जेवायला ये, देवेशलाही आण. आणि आता जे चप्पल घालताना तू मागितलं होतंस ते. श्रुतिका, गेम छान झालाय. मला फार आवडला, आणि मला तुझा अभिमान वाटतो. दाराजवळच्या त्या माणसाला काढू नकोस. फक्त पुढच्या दुरुस्तीत त्याला एक वाक्य जास्त दे, आज सगळं बरोबर झालंय, एवढंच. पहिल्यांदा अडखळेल, पण म्हणेल.

तुझाच,
खडूस मालवणी म्हातारा,
बाबा